बाटलीवरचा ठिपका

मी निओडिमियम बोलतोय. नाव घेताना जीभ अडखळली ना? अडखळू दे. माझी चकाकी बघितलीत तर चांदी विसराल. खोड एकच, हवा लागली की मी काळवंडतो. म्हणून कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत तेलाच्या बाटलीत माझा मुक्काम आहे.

खाणीतून निघालो, भट्टीत वितळलो आणि नखाएवढी चकती होऊन दूरदेशाहून इथं आलो. संयोगितानं मला पहिल्यांदा चिमट्यात धरलं तेव्हा तिचा श्वास रोखला गेला होता. ती गडहिंग्लजकडच्या शेतकऱ्याची लेक. माझ्या स्वच्छ पृष्ठभागाची मोजमापं मिळाली तरच तिची पीएच.डी. पुरी होणार होती. मी काळवंडलो की ती पॉलिश पेपरनं मला घासायची. घासून घासून मी अगदी पातळ झालो, आणि दुसरी चकती मिळायची आशा नव्हती.

अशात खंडेनवमी आली. यंत्रांच्या पूजेला तिची आई बनाबाई झेंडू घेऊन हजर. संयोगिता पेढे आणायला गेली, तेवढ्यात बनाबाईंची नजर माझ्यावर पडली.

"समद्या यंत्रांस्नी हार, आन ह्यालाच तेलात बुडवून ठिवलंय व्हय?"

त्यांनी मला बाहेर काढलं, नळाखाली धुतलं, ओलं हळदकुंकू लावून फुलांखाली ठेवलं. खरं सांगतो, इतक्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं. फुलांखालचा मी कुणालाच दिसलो नाही. दसऱ्याची सुट्टी संपली तेव्हा माझ्या अंगावर राखाडी पापुद्रे धरले होते.

बातमी कळताच बनाबाई एसटीनं धावत आल्या. "माझ्या हातानं लेकीचं वाटोळं झालं की!"

"गप बस गं आई, अजून काय बिघडलं न्हाय," संयोगिता म्हणाली. पण पॉलिश पेपर तिनं बाजूला ठेवला. आता घासलं असतं तर मला भोकच पडलं असतं.

मग तिनं लेसरनं साफ करायचं ठरवलं. मला काचेची खिडकी असलेल्या भांड्यात ठेवून आतली हवा काढून घेतली. लेसरचा झटका वरचा थर उडवतो आणि आतल्या धातूला झळ पोचायच्या आत संपतो. जोर थोडा जास्त झाला तर मात्र मीच संपलो. पण मी घाबरलो नाही. त्या लेसरच्या स्फटिकात निओडिमियमच असतं, म्हणजे माझीच भावकी! भावकीनं कुणाचं भलं केल्याचं कोल्हापुरात क्वचितच ऐकायला मिळतं, पण माझ्या बाबतीत ते घडलं.

मायलेकींनी गॉगल चढवले. "चांगभलं," बनाबाई पुटपुटल्या. निळसर ठिणगी उडाली, मग आणखी एक. पापुद्रे गेले आणि मी लखलखलो. हवाच नव्हती, त्यामुळे काळवंडायचा प्रश्न नव्हता. मोजमापं मिळाली आणि संयोगिता आईच्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या खंडेनवमीला बनाबाई दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. संयोगितानं माझी बाटली त्यांच्यापुढं धरली. "लाव की आई."

"नगं बाई."

"बाहेरनं लाव."

त्यांनी काचेवर कुंकवाचा एक ठिपका लावला.

आता संयोगिता डॉक्टर होऊन दुसऱ्या गावी शिकवते. बनाबाई नाहीत. मी फळीवर तेलात आहे, आणि अजून कामाचा आहे. काळवंडलो तर खुशाल लेसरनं साफ करा. फक्त बाटली पुसायला घ्याल, तेव्हा तेवढा ठिपका राहू द्या.