कौसर कामावर हजर

सकाळी साडेसातला लुत्फीसाहेबांचा फोन आला.

"उस्ताज बहगत, तुमची एक बाई आमच्या फाटकावर उभी आहे. म्हणते, कामाला आलेय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मग! कामाला आलेय म्हणते! येऊन घेऊन जा तिला."

त्यांच्या रागाचं कारण सांगायला मला लाज वाटते. आमच्याकडे कायदा आहे, शंभर कामगारांत पाच अपंग हवेत. महल्ला या आमच्या गिरण्यांच्या शहरातल्या बऱ्याच कारखान्यांनी त्यावर तोड काढली आहे. अपंगांच्या यादीत नाव घालायचं, विमा भरायचा, महिन्याला थोडा पगार घरपोच करायचा आणि माणसाला सांगायचं, तू येऊ नकोस. ही नावं आमची संस्था पुरवते, आणि संस्थेचा प्रमुख मी आहे. 'यांना काम करताना पाहिले' अशा कागदावर दरवर्षी सही करतो. लुत्फीसाहेबांच्या शर्टांच्या कारखान्यात माझी अशी अकरा माणसं आहेत. अहवालात मी त्यांना 'नोकरीला लागलेले' म्हणतो.

मी मूळचा शाळेच्या ग्रंथालयातला माणूस, म्हणून सगळे मला उस्ताज, म्हणजे मास्तर, म्हणतात. संस्थेच्या आधीच्या प्रमुख बाई वारल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना, आणि मला नाही म्हणता आलं नाही. माझी पात्रता एवढीच.

फाटकावर पोचलो तेव्हा कौसर पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसली होती. चौतीस वर्षांची, लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, डोक्यावर इस्त्रीचा रुमाल, मांडीवर डब्याची पिशवी. पहारेकरी शहाताकाकांनी तिला चहाही दिला होता.

"उस्ताज, हिच्याकडे नेमणुकीचा शिक्क्याचा कागद आहे," काका म्हणाले. "इतका चांगला तर माझ्याकडेपण नाही. अडवू कसा?"

लुत्फीसाहेब कपाळ पुसत उभे होते. "कौसरबाई, पगार थांबला का तुमचा?"

"नाही."

"मग त्रास काय आहे?"

कौसरने चहाचा पेला खाली ठेवला. साहेबांनी मला बाजूला नेलं. "हिला आत घेतलं तर उद्या अकराच्या अकरा येतील. बसवू कुठे? मी यादीच फाडून टाकेन. मग बाकीच्या दहा घरांना तुम्ही तोंड द्या."

त्या दहा घरांची चूल मला ठाऊक होती. मी कौसरजवळ गेलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "पोरी, घरी चल. आपण नंतर शांतपणे बोलू."

"उस्ताज, गुरुवारी मला बघायला आले होते," ती म्हणाली. "मुलाची आई आणि मावशी. विम्याच्या कार्डावर कारखान्याचं नाव बघून आलेल्या. आई म्हणाली, तिथे काय करतेस? मी म्हटलं, बटणं लावते. मावशी म्हणाली, तासाला किती शर्ट? मी म्हटलं, पाचशे."

"पाचशे!" शहाताकाकांना हसू आवरेना. "अगं, बटणं लावतेस की उधळतेस?"

"मावशी पंधरा वर्षं हेच काम करतेय, मला काय माहीत! दोघींनी एकमेकींकडे बघितलं, चहा संपवला आणि गेल्या." तीही जराशी हसली. "स्थळ गेलं त्याचं काही नाही, तो म्हाताराच होता. गल्लीत मला पगारी पाहुणी म्हणतात, तेही सोसते. पण उस्ताज, चार वर्षं नोकरी करून मला धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. तुम्हीच लावलीत ना नोकरी? मग आत काय करतात ते बघू तरी द्या."

तिला समजवायला म्हणून मी तोंड उघडलं. पण वळलो लुत्फीसाहेबांकडे.

"साहेब, यंदाचा कागद माझ्या टेबलावर आहे. सही व्हायचीय."

"धमकी देताय?"

"नाही हो, मला ते जमत नाही." मी म्हणालो. "त्यात लिहिलंय, काम करताना पाहिले. मी कधी पाहिलेलंच नाही. आज पाहू द्या."

पाळीच्या बाया फाटकात थबकल्या होत्या. त्यांतली दौलतबाई नावाची धिप्पाड बाई ओरडली, "साहेब, दोरे कापायच्या टेबलावर दोन हात कमी आहेत म्हणून महिनाभर घसा कोरडा करतेय मी! त्या कामाला पाय कशाला लागतात?"

बाया हसल्या. लुत्फीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "आजचा दिवस," ते म्हणाले. "फक्त आज."

मी दिवसभर कचेरीच्या काचेमागे बसलो. दुपारपर्यंत कौसरने दोऱ्याबरोबर एक शर्टही कापला आणि दौलतबाईंच्या शिव्या खाल्ल्या. तशा शिव्या तिला कोणी कधी दिल्या नसाव्यात. आपण शिव्या आपल्याच माणसांना देतो, परक्यांना नाही, असं मला उगाच वाटलं. कदाचित माझी समजूत चुकीची असेल.

चारला ती बोटाला पट्टी बांधून बाहेर आली. "दौलतबाई म्हणतात, उद्या उशी घेऊन ये, स्टूल कडक आहे."

"उद्याचं उद्या," लुत्फीसाहेब तिच्यामागून म्हणाले. यादीबद्दल मात्र बोलले नाहीत.

तिथून मी संस्थेत आलो आणि उरलेल्या दहा जणांना फोन लावायला बसलो. कामावर यायचंय का, हे चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारायला. पहिला सिद्दीक, डोळ्यांनी अधू.

"पाया पडतो उस्ताज, मला मध्ये ओढू नका. पगार येतोय तो येऊ द्या. मी इथे गावात कोंबड्या पाळतोय, मजेत आहे."

त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. कौसरमुळे त्याचा पगार गेला तर तो कोणाला शाप देईल, हेही कळत होतं. दुसऱ्याने फोन उचलला नाही.

तिसरा रगाई, कापूस दाबायच्या यंत्रात त्याचा हात गेलेला. माझं बोलणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उस्ताज," तो म्हणाला, "फाटकावर किती वाजता पोचायचं?"

त्याला सांगायला माझ्याकडे कोणाचीही परवानगी नव्हती.

"साडेसातला," मी म्हणालो. "मी येतो तुझ्याबरोबर."