डायल टोनची वाट पाहा

आमच्या घरात टेलिफोनची तार एकच होती आणि तिच्यावर हक्क सांगणारी यंत्रे दोन. एक बैठकीच्या खोलीतला टेलिफोन आणि दुसरा त्याच्या शेजारच्या मेजावरचा संगणक. संगणक थोरलीने, म्हणजे आमच्या मुलीने, समुद्रापलीकडे नोकरीला जाताना ठेवून दिला होता. दर शनिवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि तिच्याकडे सकाळ असताना आम्ही दोघे त्याच्यापुढे खुर्च्या ओढून बसत असू. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. मी ते वाचून दाखवायचो, ही उत्तर सांगायची आणि मी ते टंकायचो.

"अहो, तिचं बोलणं मीटरचं रीडिंग घेतल्यासारखं वाचू नका. लेक आहे ती आपली," ही म्हणायची.

माझी उभी हयात वीज-उपकेंद्रात रीडिंग घेण्यातच गेली होती, तेव्हा आरोप अगदीच निराधार नव्हता.

धाकटा मालवाहू जहाजावर इंजिन-खोलीत होता. पूर्वी तो प्रत्येक बंदरातून फोन करी. त्याचा फोन आला की ही पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून धावत येई आणि पहिले वाक्य ठरलेले असे, "खोल जाऊन बोलतोयस का रे, आवाज का असा येतोय?" वसंत ऋतू संपता संपता त्याने जहाज बदलले आणि फोन थांबले. उन्हाळा अर्ध्यावर आला तरी एकही नाही. कंपनीच्या कार्यालयात विचारले की तिथली बाई गोड आवाजात सांगे, जहाज ठीक आहे, माणसे ठीक आहेत.

"माणसं ठीक आहेत म्हणे," ही रिसीव्हर ठेवत म्हणाली. "मी काय माणसांची चौकशी करत होते?"

आता त्या तारेविषयी. पहिल्या वर्षी संगणकाची जोडणी वारंवार तुटत असे. तंत्रनिकेतनात आमच्या गुरुजींनी एक शिस्त लावली होती की बिघाड शोधताना एका वेळी एकच बदल करावा, परिणाम पाहावा, मग पुढचा करावा. त्याप्रमाणे मी गेलो. काही वेळ टंकले नाही की संगणक आपणहून फोन ठेवून देई. तो अवधी मी काढून टाकला आणि 'कधीही ठेवू नये' असे नेमून दिले. स्वयंपाकघरातल्या जोडफोनचा रिसीव्हर कोणी उचलला की जोडणी कोलमडे. तो जोडफोन मी काढला. उरलेला फोन भिंतीऐवजी मॉडेमच्या पाठीमागे जोडला, म्हणजे मॉडेमचे काम चालू असेपर्यंत तो मुका राहील. मॉडेम म्हणजे संगणकाचे बोलणे टेलिफोनच्या तारेवर चढवणारी ती लहानशी पेटी. लाईन गेलीच तर क्षणाचाही विलंब न करता पुन्हा नंबर लावावा, अशी आज्ञा दिली. आमच्या जुन्या एक्स्चेंजचा डायल टोन, म्हणजे लाईन मोकळी असल्याचे सांगणारी गुणगुण, कधीकधी उशिरा येई आणि मॉडेम त्यासाठी अडून बसे, म्हणून 'डायल टोनची वाट पाहा' या ओळीपुढची खूण काढली. शेवटी मॉडेमचा भोंगा बंद केला. नंबर लावताना तो जो आक्रोश करी, त्याने हिचे डोके उठत असे.

पुढचे कितीतरी शनिवार लाईन खडकासारखी उभी राहिली. थोरलीने लिहिले, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." ते मात्र मी मीटरसारखे वाचले नाही.

आणि मग त्या उन्हाळ्यात लाईन पुन्हा तुटू लागली.

हे तुटणे नव्या जातीचे होते. गप्पा रंगात आल्या की एकदम पडदा थिजे. मॉडेम लगेच पुन्हा नंबर लावी. पहिला प्रयत्न हमखास फसे आणि दुसरा यशस्वी होई. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि एकदा हा उपद्रव उरकला की मग जेवणाच्या वेळेपर्यंत काही म्हणता काही होत नसे. इतर वारी मुद्दाम तासन्‌तास जोडणी चालू ठेवून पाहिली. केसभरही हलली नाही. मी वेग कमी केला, तार बदलली, तार जिथे खोचतात तिथले पत्रे घासून चकचकीत केले. फरक शून्य.

"शनिवारचं काही असेल तुमच्या मॉडेमला," ही म्हणाली.

"यंत्राला वार कळत नाही."

"मग माणसाला विचारा. यंत्राला विचारून पाहिलंत ना इतके दिवस?"

त्या शनिवारी मी ठरवले, पहिला प्रयत्न नेमका कुठे फसतो ते कानांनी ऐकायचे. बंद केलेला भोंगा पुन्हा चालू केला. मॉडेम किंचाळला तशी ही आतून ओरडली, "अहो, मांजर सोलताय का?"

"तपासणी आहे. आजच्यापुरती."

ती येऊन बसली. थोरली तिच्या घरमालकिणीच्या कुत्र्याची हकिकत सांगत होती. कुत्र्याने तिचा एक बूट पळवला होता आणि दुसरा नेण्यासाठी तो दारात वाट पाहत बसला होता. वाक्य अर्ध्यावर असताना पडदा थिजला. पेटीतून टक् असा आवाज आला. मॉडेमने लाईन सोडून पुन्हा उचलली होती. मी मान पुढे केली.

डायल टोनची गुणगुण आली नाही. खरखर आली, दूरवरच्या वाऱ्यासारखी. आणि त्या खरखरीतून कोणी म्हणाले, "हॅलो?"

मॉडेमने आकडे वाजवायला सुरुवात केली. पीं, पीं, पीं. त्या आकड्यांच्या फटींतून आवाज येत राहिला. "हॅलो, आई? आई, ऐकू येतंय?" मग तोंड फिरवून दुसऱ्या कोणाला तरी, "नाही रे, आजही तेच. उचलतात आणि कानात आकडे वाजवतात."

ही खुर्चीतून उठून त्या पेटीवर ओणवी झाली. "अरे, मी आहे! मी इथंच आहे रे! ठेवू नकोस!"

पेटीला भोंगा होता. ऐकणारा कान नव्हता. मी शेजारचा रिसीव्हर उचलला. तो मीच मुका केलेला होता. काहीतरी केले पाहिजे म्हणून मॉडेमची कळ बंद केली, आणि त्याबरोबर तारच सुटली. मग रिसीव्हरमध्ये डायल टोन आला, स्वच्छ आणि एकसुरी.

फोन पुन्हा येईल म्हणून आम्ही बसून राहिलो. ही एक हात पेटीवर ठेवून होती, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. फोन आला नाही. दिवा लावायचेही कोणाला सुचले नाही.

"रागावला नव्हता तो," ही म्हणाली. "मला वाटायचं, नवं जहाज, नवी माणसं, विसरला असेल. तो दर शनिवारी हाका मारत होता हो."

कारण शोधायला मला आता अवघड गेले नाही. धाकट्याने जहाज बदलले तेव्हा हिनेच टेलिफोनच्या कार्यालयात जाऊन एक सोय मागून घेतली होती. आपण बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला तर लाईनवर हलका 'टुक्' असा आवाज होतो आणि बाहेर कोणी थांबले आहे हे आपल्याला कळते. "पोराचा फोन आला आणि लाईन गुंतलेली असली तर?" इतकाच तिचा विचार. माणसाला तो आवाज म्हणजे दारावरची थाप. मॉडेमला मात्र तो घाव लागतो आणि तो जोडणी टाकून देतो. मी एका वेळी एकच बदल करत आलो होतो, पण मोजत होतो ते फक्त माझे बदल. हिने केलेला बदल माझ्या हिशेबात कुठे नव्हताच. खूण काढलेली असल्यामुळे मॉडेम डायल टोनची वाट न पाहता उचलेल त्या लाईनवर नंबर वाजवी, आणि पलीकडे कान लावून आमचा धाकटा उभा असे. त्याने कंटाळून ठेवले की लाईन मोकळी होई, म्हणून दुसरा प्रयत्न यशस्वी होई.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला सारे ईमेलने कळवले. तिचे उत्तर लगेच आले. "पुढच्या शनिवारी मी येत नाही. लाईन त्याची. आणि तो बूटही गेला, आईला सांगा."

"म्हणजे एकाला घरात घ्यायला दुसरीला बाहेर उभं करायचं," ही म्हणाली. "मोठी सोय आहे तुमच्या तारेची."

त्या आठवड्यात मी सगळे उलट केले. टेलिफोन थेट भिंतीत जोडला. स्वयंपाकघरातला जोडफोन पुन्हा बसवला. डायल टोनच्या ओळीपुढे खूण केली. हे करताना मॉडेमच्या पुस्तिकेत एक रकाना सापडला. त्यात एक ठरावीक आकडा भरला की संगणक जोडलेला असेपर्यंत ती 'टुक्'ची सोय बंद राहते, बाहेरच्याला लाईन गुंतलेली लागते आणि जोडणी तुटत नाही. ज्यासाठी मी सबंध उन्हाळा झटलो होतो तो उपाय एवढाच होता. मी तो वाचला आणि रकाना कोरा ठेवला.

शनिवारी संगणकावर फडके टाकले. ही दुपारपासून फोनपाशी होती. भाजी निवडायची परातही तिथेच.

"तू तिथे बसलीस म्हणून तो लवकर वाजणार नाही."

"तुम्ही येरझाऱ्या घातल्यात म्हणूनही नाही."

वाजला तेव्हा आम्ही दोघेही दचकलो. हिने उचलला, कानाशी धरला आणि बोललीच नाही. मी जवळ जाऊन कान लावला. तीच खरखर. पलीकडेही कोणी बोलत नव्हते. तोही गप्प उभा होता. इतक्या शनिवारांच्या सवयीने तो आकडे सुरू होण्याची वाट पाहत होता.

"खोल जाऊन बोलतोयस का रे?" हिने विचारले.

"आई? आई, आकडे कुठे गेले?"

"बाबांनी काढून टाकले."

"म्हणजे लावलेही त्यांनीच! मी इथं सगळ्यांना सांगत होतो, आमच्या बाबांनी काहीतरी सेटिंग केलेलं असणार."

ही हसली आणि हसतानाच डोळे पुसू लागली. त्याने घाईघाईने सांगितले की हे जहाज बंदरात फारसे थांबत नाही, उपग्रहावरून चालणारा एकच फोन आहे, प्रत्येकाची पाळी ठरलेली आणि त्याची शनिवारी. तीही कधी हुकते, समुद्र खवळला की. इतक्यात मागून कोणी त्याला हाक मारली. हिने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. किती काही बोलायचे ठरवले होते.

"तेलाचा दाब ठीक आहे ना?" मी विचारले.

"ठीक आहे, बाबा," तो म्हणाला. आणि अगदी हळू, "तुमचा?"

मी उत्तर देईपर्यंत वेळ संपली होती.

फडके काढून मी संगणक जोडला. मॉडेमने आधी डायल टोन येऊ दिला, मग नंबर लावला. न येण्याचे कबूल केलेली थोरली तिथेच होती. तिने रिकाम्या पडद्यावर ओळीखाली ओळ लिहून ठेवली होती. "आला का?" "आला का हो?" "मी थांबलेय."

"वाचा," ही म्हणाली. "नीट वाचा."

तेव्हापासून आमचे शनिवार असे जातात. भोंगा चालू असतो. लाईन तुटली की मॉडेमने काही करायचे नाही अशी आज्ञा आहे, आणि फोन मोकळा असतो. थोरलीचे वाक्य अर्ध्यावर तुटते. ती रागावत नाही, वाट पाहते, आणि मग विचारते काय म्हणाला. पण समुद्र खवळलेला असेल तेव्हा तिची वाक्ये पूर्ण होतात, एकामागून एक, न अडखळता. मी वाचत जातो. ही ऐकत असते, हसायचे तिथे हसते, उत्तरही सांगते, पण नजर पडद्यावर नसते.

"आज फार वेळ टिकली हो लाईन," ती म्हणते.