सूर कुणी हलवायचा नाही

आमच्याकडे इंडोनेशियातल्या मिनाहासात चर्चची गाणी आकड्यांत लिहितात. सा कुठे धरायचा हे कागदाच्या माथ्यावरचं एक अक्षर सांगतं. ते बदललं की अख्खं गाणं वर-खाली. गायकवृंद मी चालवते. सगळ्यांना कागद मिळावेत म्हणून गाणी वेबसाइटवर ठेवली आणि कुणालाही फाइल अपलोड करायची मुभा दिली. माकडाच्या हाती कोलीत, दुसरं काय.

आमच्यातले एक गायक ओम नोल्डी (ओम म्हणजे काका) गळा मिरवायला सूर चढवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर तो खाली आलेला. हे कोण करतं, कळत नव्हतं. शनिवारच्या तालमीला साथीच्या कोलिनतांग वाद्यांच्या लाकडी पट्ट्यांवर निम्म्यांनी एका सुरात सुरुवात केली, निम्म्यांनी दुसऱ्या. जो तो आपल्या डाउनलोडचा कागद नाचवत होता. पुढच्या रविवारी ईस्टरची स्पर्धा. गेल्या वर्षी याच घोळात आमचं हसं झालेलं. यंदाही झालं असतं तर मी वृंद सोडणार होते.

घरी आले, मूळ गाणी परत ठेवली आणि अपलोड बंद केलं. आता फक्त डाउनलोड. इतकं हलकं वाटलं की भांडी घासताना गात होते.

सोमवारी ओम नोल्डी धुरावलेला मासा घेऊन आले आणि अपलोडचं दार जरा किलकिलं ठेव म्हणाले. मासा मी ठेवून घेतला. दार बंदच राहिलं.

मग तांते, म्हणजे मावशी, आल्ट्ये आल्या, पहिल्या रांगेतल्या आमच्या सगळ्यांत जुन्या गायिका. बराच वेळ तळलेलं केळं चटणीत बुडवत राहिल्या.

"सूर खाली मीच आणायचे," शेवटी म्हणाल्या. "वरचा लागत नाही गं आता. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "तांते, खालच्या आवाजात दोघी कमी आहेत. दुसऱ्या रांगेत या."

"म्हणजे घरी नाही?"

"तुम्ही घरी बसलात तर ओम नोल्डींना गप्प कोण करणार?"

त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग उरलेली केळी संपवली.

स्पर्धेत आमचा तिसरा नंबर आला. पण पहिल्या ठोक्याला सगळ्या पट्ट्या एका सुरात वाजल्या. दुसऱ्या रांगेतून तांतेंचा आवाज आला, कुठेही न ताणलेला, आणि तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.