सियालेच्या अंगातल्या चुली

सियालेनं दात मिटले ते मिटलेच. शहाळ्याचं पाणी ओठांवरून मानेवर ओघळलं.

"आत्या खा म्हणेल तेव्हाच," ती पुटपुटली. नऊ वर्षांची माझी पोर. आवाज मात्र दूर गेलेल्या होडीतून यावा तसा.

तिला बरं वाटावं म्हणून काल संध्याकाळपासून अख्खं घर उपाशी होतं. उपास धरायला लावला फुसीवन्संनी, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं. आमच्या टोंगा बेटांवर भावाच्या घरी बहिणीचाच शब्द चालतो. सियालेला तेवढं वगळा, असं मी हातापाया पडून मागून घेतलं होतं. सकाळी नारळाच्या दुधातला अळूचा कंद तिच्या हाती देऊन चर्चला गेले. दिवस कलताना परत येते तो पोर चटईवर निपचित, आणि वाडगं चाटत डुकराचं पिल्लू.

"सगळे माझ्यासाठी उपाशी, मग मी कशी खाऊ गं आई?"

वन्सं दारात आल्या तशी मी उठले. "वन्सं, तिला खा म्हणा."

"संध्याकाळची प्रार्थना होऊ दे. साऱ्या मंडळींसमोर देवाला शब्द दिलाय मी. तू शाळेत पोरांना कांद्याच्या साली भिंगाखाली दाखवतेस, म्हणून देवापेक्षा जास्त कळतं होय?"

"त्या सालीत दिसतात तशा पेशी आपल्याही अंगात आहेत, वन्सं. जणू घरंच. मधोमध केंद्रक, त्यात आईबाप दोघांची शिकवण. पण चुली निराळ्या. तंतुकणिका म्हणतात त्यांना. आतल्या पडद्याला घडीवर घडी, त्या घड्यांत अन्नाची ताकद होते. सियालेच्या घड्याच विस्कटल्यात. आपण उपाशी राहिलो तर अंगातली चरबी जळते. तिच्या चुलीत ती नीट जळत नाही. आधी हातपाय विझतात, वन्सं. मग काळीज."

"आमच्या घराण्यात नव्हतं असलं काही."

"नव्हतंच. या चुली आईकडूनच येतात. माझ्या आईनं मला दिल्या, मी हिला. न्हाऊ घातलं, जोजवलं, आणि हेही मीच दिलं."

भिंतीशी बसलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली. लग्नापासून वन्संना जे ऐकायचं होतं, ते मी त्यांच्या ओंजळीत घातलं होतं.

"म्हणजे तुझ्याकडचं."

"माझ्याकडचं. भरल्या चर्चमध्ये सांगा. पण आत्ता तिला खा म्हणा."

मी त्यांचे पाय धरले. बाहेर प्रार्थनेची घंटा सुरू झाली. शेजारीपाजारी पांढऱ्या कपड्यांत दारावरून जाऊ लागले, आत डोकावू लागले. वन्संनी पाय सोडवून घेतले. चटईशेजारचं शहाळं उचललं आणि दारात उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं, घटाघटा प्यायल्या.

"बघ गं सियाले, आत्यानं उपास मोडला! आता पी, नाहीतर मी एकटीच नरकात जाईन. तिथं माझं डोकं कोण विंचरणार?"

सियालेचे ओठ विलग झाले. पहिला घोट बाहेर आला. तिला दवाखान्यात न्यायला नवरा शेजाऱ्याची गाडी आणायला धावला. वन्संनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"अजून काय करू? सांग मला."

"चमच्यानं. थोडं थोडं."

मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. कंठ एकदा हलला. मग किती तरी वेळ हललाच नाही.

वन्संनी पुन्हा चमचा भरला.