पेटीतलं बियाणं

गावाला नेट देणारी पेटी आमच्या पडवीच्या खोलीत हाय, आन् किल्ली माझ्या कनवटीला. पानशेतकडनं काचेची तार येती, तिच्यातनं उजेड येतो, पेटी त्याचं नेट करती. एवढं मला ठावं. मागल्या बुधवारी पेटी बंद पडली. रेशनच्या मशीनला अंगठा लागंना, साऱ्या पासली गावाचं धान्य अडकलं.

सरपंच कुंडलिक म्हणला, "मावशी, पेटी जुनी झाली म्हणती कंपनी. नवी यायला दोन महिनं."

"तवर लोकांनी काय पेटी चाटायची?"

माझी नात वैष्णवी पुण्यात ह्याच कामात हाय. शनिवारी पहिल्या एसटीनं आली, पेटीला लॅपटॉप जोडून बसली. म्हणली, "आजी, पेटी धडधाकट आहे. आतली कंपनीची सिस्टीम बिघडलीय, ती आपल्याला उघडता येत नाही. मी दुसरी टाकते. ओपन सोर्स. फुकट मिळते."

म्या तिला उठवलं आन् दाराला कुलूप घातलं. "ह्या घरानं कुणापुढं पदर पसरला न्हाई."

"भीक नाही गं. जगभरच्या लोकांनी मिळून केलीय. कुणीही घ्यावी, उघडून बघावी. चूक सापडली तर सुधारून सगळ्यांना परत द्यायची."

"म्हंजी आंबेमोहराच्या बियाणासारखं? शेजारच्या मंगलकडनं नेलं, तर निवडून, चांगलं करून तिला परत?"

"तसंच."

"मग हे सांगाया काय तोंडात गुळणी धरलीवतीस?"

पेटी पंचायतीची, म्हणून कुंडलिकला इचारलं आन् कुलूप काढलं.

दुपारी नवी सिस्टीम बसली, पर नेट येईना. उजेड कमी येतो, असं पेटी दाखवत व्हती. कुंडलिक दारातनं म्हणला, "मावशी, फुकटाचं ते फुकटाचंच."

वैष्णवीनं तारेला हातातलं मीटर लावलं. उजेड पुरेसा व्हता, नवी सिस्टीमच तो धा पटीनं कमी मोजत व्हती. पायली वतावी आन् शेर म्हणावं, तसं. तिनं माप दुरुस्त केलं. चारच्या सुमाराला पेटीवरचा दिवा हिरवा झाला. रेशन दुकानात पयला अंगठा रांगेत म्होरं असल्याल्या अंबूबाईचा लागला. कुंडलिक रांगेत जाऊन हुबा ऱ्हायला.

वैष्णवी ताटावर बसली. म्या भाकरीची दुरडी मागं वढली.

"ती दुरुस्ती परत दिलीस?"

"उद्या पुण्यातनं पाठवते आजी. भूक लागलीय."

"कुठंतरी आणिक एका गावात आसंच माप चुकत आसंल. त्यांनी उद्यापतुर थांबायचं व्हय?"

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला.

"दुरुस्तीवर नाव कुणाचं टाकलंस?"

"माझं. आणि पासली."

"म्होरं तालुका वेल्हं लिव्ह. लोकांना कुठं ठावं पासली."

तिनं लिवलं, पाठवलं. मग म्या तिला वाढलं.