कोंबडीचा पाय

गामार्राच्या कापडबाजारातल्या आमच्या गल्लीत टी-शर्टचे गाळे एकाला एक चिकटून. दोन्या सेनोबिया, म्हणजे आमची सेनोबियाबाई, तिचं वांकायो शहराहून येणारं गिऱ्हाईक दरवेळी चुकून शेजाऱ्याच्या गाळ्यात शिरायचं, कारण तिच्या मालाची खूण कुणाच्या लक्षातच राहायची नाही. हा हंगाम असाच गेला तर गाळा सोडते, म्हणाली. बाई उगाच बोलणारी नाही.

मी गल्लीतली लेबलं-पाट्या काढणारी, म्हणून नवं चिन्ह काढायचं काम माझ्याकडे. बाईला त्यात सगळंच हवं: लामा, सूर्य, डोंगर, कात्री, वर स्वर्गवासी आईचा चेहरा! नखाएवढ्या लेबलावर अख्खी जत्रा बसवायची का, असं मी तोंडावर विचारलं. ऐकेल तर शपथ. शेवटी दिलं काढून.

माझी एक रीत आहे. चिन्ह क्षणभर दाखवायचं, झाकायचं, आणि आठवेल ते काढायला सांगायचं. समोरच्या बटणवालीने शेळी काढली, हमालाने बूट. मग खुद्द सेनोबियाने पेन्सिल घेतली आणि नुसतीच धरून बसली.

"माझंच मला आठवत नाही, तर गिऱ्हाइकाला काय कपाळ आठवणार?"

रागारागात ती वांकायोचा गठ्ठा बांधायला लागली. बांधून झाल्यावर खडूने त्यावर तीन रेघा ओढल्या, खाली एक छोटी. कोंबडीचा पाय. हमालांनी गठ्ठे अदलाबदल करू नयेत म्हणून इथे प्रत्येक जण काहीतरी खरडतो. हिच्या आईच्या कोंबड्या होत्या, म्हणून हिची खूण कोंबडीचा पाय.

मी बटणवालीला म्हटलं, सेनोबियाच्या गठ्ठ्यावरची खूण काढ. तिने न बघता काढली. हमालानेही. मी कपाळावर हात मारला.

सेनोबिया म्हणाली, पोत्यावरची खूण कपड्यावर लावली तर लोक हसतील. हसू देत, लक्षात तर राहील, असं म्हणून मी पाटी रंगवायलाच टाकली.

उद्घाटनाला पाद्रिनोने, म्हणजे मानाच्या पाहुण्याने, रिवाजाप्रमाणे रिबिनीला टांगलेली बाटली फोडली, पाटीवरचं कापड सरलं. तेवढ्यात वांकायोचं ते गिऱ्हाईक, फोर्तुनाता, आली. शेजारी हाका मारत होता, तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं, तुझा माल घरी उतरला की हा पाय बघूनच ओळखते मी. इतकी वर्षं दारावर का नाही लावलास?"

सेनोबिया मटकन गठ्ठ्यावर बसली. हसत होती, डोळे पुसत होती. मीही हुश्श केलं.

"पोरी," ती म्हणाली, "तो लामा काढून टाकलास ते बरं केलंस."