फोटोत न आलेलं अर्धं पान

मी एका इंग्रजी वैद्यकीय मासिकाचा अंक बोलतोय. निपाणीच्या एका दवाखान्यात, रोग्यांच्या बाकाशेजारी पडून असतो. डॉक्टरांनी मला वाचून बाहेर ठेवलं, असं समजू नका. माझं प्लास्टिक फाडलं ते कंपाउंडर जोतिबाने, वारा घ्यायला.

माझ्यातला प्रत्येक लेख सारख्या वजनाचा नसतो, हे किती वेळा ओरडून सांगू? शेकडो रोग्यांवर पडताळलेलं संशोधन वेगळं. अशी अनेक संशोधनं तपासून लिहिलेला आढावा वेगळा. संपादकीय म्हणजे संपादकाचं मत. जाहिरातीसुद्धा माझ्याच गुळगुळीत कागदावर! आणि मधे एक रुग्णवृत्तांत : एका माणसाची साखर आटोक्यात आली, इन्सुलिन सुटलं. डॉक्टरांना नवल वाटलं, त्यांनी लिहिलं. नवल म्हणून, नियम म्हणून नव्हे.

नेमकं तेच पान आशुतोषने उघडलं. गडी कोगनोळीचा, नोकरी बेळगावात, इंग्रजी फाडफाड. आत्याला, गुणाबाईंना, साखरेसाठी डॉक्टरांकडे आणलं होतं.

"आत्ती, बघ, छापलंय! इन्सुलिन बंद केलं आन् मानूस ठणठणीत!"

"व्हय? डाक्टर तर जन्मभर टोचा म्हंतोय."

"त्येचं दुकान चालाय पायजे न्हवं!"

शीर्षक आणि वरच्या चार ओळी. संपलं वाचन! लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर. 'या रोग्याचा मधुमेह वेगळ्या प्रकारचा होता, इतरांनी इन्सुलिन सोडू नये' हे खाली स्पष्ट लिहिलं होतं. ते फोटोत आलंच नाही.

आठवडाभरात गुणाबाईंना उचलून आणलं. उलट्या, धाप, शुद्ध हरपत चाललेली. सलाईन लावून डॉक्टरांनी बेळगावला नेणारी गाडी मागवली.

"इंजेक्शन कुणी बंद केलं?"

आशुतोषने मलाच पुढे केलं. "तुमच्याच पुस्तकात हाय की!"

डॉक्टरांनी मला प्रथमच वाचलं, उभ्या उभ्या. "अरे, ही एका माणसाची हकिकत! खालचं वाचलंस का?"

"तुमी तरी वाचलं हुतं का?" गुणाबाईंची मुलगी पूर्णिमा कडाडली. "न वाचताच भाईर ठेवलासा?"

डॉक्टर मला बाकावर टाकून सलाईनकडे वळले.

गुणाबाई वाचल्या. परवा आल्या तेव्हा मला बघून म्हणाल्या, "ह्येला चुलीत घाल रं, जोतिबा."

घाला, बापहो! मी हू की चू करणार नाही. पण जळणार मी एकटा. काल काकतीहून आलेल्या एका रोगी बाईने डॉक्टरांसमोर मोबाइल धरला : "ह्यात इन्सुलिन सोडा म्हंत्यात, खरं काय?" तेच माझं अर्धं पान!

तिला खालचं अर्धं दाखवायला डॉक्टर धावत बाहेर आले आणि वारा घेणाऱ्या जोतिबाच्या हातातून त्यांनी मला हिसकावून घेतलं. म्हणून म्हणतो, मला चुलीत घालण्याआधी खालच्या अर्ध्याचाही एक फोटो काढा.